हलका हात

रक्त देऊन झालं की माणसं लगेच उठतात. कापसाचा बोळा कोपरात धरायचा, हात दुमडायचा आणि कधी एकदा बाहेर पडून पोटात काही ढकलतो असा चेहरा करून दाराकडे निघायचं, ही लॅबमधली रीत. साखर तपासायला येणारे काका मात्र उठले नाहीत. त्यांनी मोकळ्या हाताने शर्टाच्या खिशातून एक तिकीट काढलं, रक्त काढणाऱ्या तिच्यापुढे टेबलावर ठेवलं, त्यावर एक नाणं ठेवलं आणि म्हणाले, "ताई, एवढं खरवडून द्या. सुई कधी गेली ते कळलंसुद्धा नाही मला. असला हलका हात वाया कशाला घालवायचा? हात लागू दे तुमचा, बघू तरी काय निघतंय." तिकीट लॉटरीचं होतं, रुपेरी पट्टीवालं. पट्टी खरवडायची, खाली तीन आकडे असतात, तिन्ही सारखे निघाले की बक्षीस. कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांच्या माळा लटकत असतात आणि ती गेली कित्येक वर्षं त्या दुकानापाशी आलं की रस्ता ओलांडून पलीकडून जाते. तपासणीला येणारी माणसं तिच्याकडे नाना तऱ्हेच्या मागण्या करतात. कुणी म्हणतं सुई दाखवू नका, कुणी म्हणतं डाव्याच हाताचं घ्या, एक आडदांड पैलवान गडी दर वेळी तिला गाणं म्हणायला लावतो. त्या सगळ्या ती हसून पुऱ्या करते. पण 'हात लागू दे' हे शब्द तिने आजवर एकाच माणसाच्या तोंडून ऐकले होते, आणि ते ऐकल्याला इतका काळ लोटला होता की आपण ते विसरलो असं तिला वाटायला लागलं होतं. 

नाही म्हणायला काय हरकत होती? बाहेर बाकावर उपाशीपोटी माणसं ताटकळत बसलेली, रिसेप्शनवरची मुलगी पुढचं नाव पुकारायला तोंड उघडून तयार. 'काका, कामाच्या वेळी असलं नको' एवढं म्हटलं असतं तर म्हातारा हिरमुसला होऊन गेला असता, संपलं असतं. पण तिने तिकीट पुढ्यात ओढलं. एक तर काकांचा चेहरा असा काही आशेने फुललेला होता की त्यावर पाणी ओतणं तिच्या जिवावर आलं. आणि दुसरं म्हणजे, तिचे हात तिला न विचारता कामाला लागले. हे हात रोज सकाळी शेपन्नास माणसांची शीर शोधतात, त्यांना विचारत बसायची सवय नाही. त्यांनी डब्यातून कापूस उचलला, स्पिरिटमध्ये भिजवला आणि तिकिटावरच्या रुपेरी पट्टीवर गोल गोल फिरवला, आतून बाहेर, अगदी कातडी पुसतात तसा. टोचण्याआधी पुसायचं. पुसल्यावाचून कशालाही हात लावायचा नाही. मग तिने नाणं उचललं आणि टेकवलं. पट्टीची पूड पडायची ती पडलीच नाही. करड्या रंगाचा लगदा झाला, नाणं त्यात घसरलं, लगद्याबरोबर खालचा कागद उकलला आणि कागदाबरोबर शाईही. दोन आकड्यांचे कसेबसे डाग राहिले. तिसरा होता की नव्हता देव जाणे, त्या जागी पांढरा लोकरीसारखा तंतू वर आला होता.

"अरेच्चा!" काका म्हणाले. "तुम्ही त्याला इंजेक्शन द्यायला निघालात की काय?" रिसेप्शनवरची मुलगी फिसकन हसली. काकांनी तिकीट उचललं, खिडकीकडे धरलं, मागून पुढून बघितलं. मग ते जपून शर्टाच्या खिशात घातलं. "असू दे, असू दे," म्हणाले, "जेवून येतो, दुसरं रक्त द्यायला यायचंच आहे." आणि गेले. साखरेच्या तपासणीत तसंच असतं. एकदा उपाशीपोटी, एकदा जेवणानंतर. ती पुढच्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधत होती तेव्हा तिच्या लक्षात आलं की हे सगळं आपण आधी एकदा पाहिलं आहे. उजेडाकडे धरणं, उलटंपालटं करणं, खिशात घालणं, निघून जाणं. क्रम तोच. माणूस तेवढा वेगळा.

तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल. बाबा कारखान्यातून आठवड्याचा पगार घेऊन आले की त्यांच्या खिशात एक तिकीट असायचंच. खोक्यावर ती बसायची, समोर उकिडवे बाबा, मध्ये पाटीवर ठेवलेलं तिकीट. दादालाही खरवडायचं असायचं, पण त्याला मनाई होती. "त्याचा हात जड आहे," बाबा म्हणायचे. दादाने कपबश्या फोडलेल्या, रेडिओचं बटण उपटलेलं, त्यामुळे त्याच्यापाशी बोलायला जागा नव्हती. "हिचा हात हलका. हात लागू दे तुझा." असं म्हणून ते तिच्या मुठीत नाणं द्यायचे. ते नाणं खिशात राहून कोमट झालेलं असायचं. आई पाठमोरी उभी राहून भांडी घासायची आणि भांड्यांच्या आवाजावरून तिचं मत काय ते सगळ्यांना कळायचं. त्या आवाजाकडे बाबा कानाडोळा करायचे. पूड फ्रॉकवर पडायची, बाबा तोंड पुढे आणून फुंकर मारायचे, तंबाखूचा वास यायचा. तीन आकडे वेगवेगळे निघाले की म्हणायचे, "पुढच्या खेपेला." त्यांच्या बोलण्यात राग नसायचा. पण मान जराशी खाली जायची, आणि ती आपल्या हाताने खाली गेली हे त्या पोरीला कळायचं. मोठ्यांना वाटतं मुलांना हे कळत नाही. तिला तर सगळ्या आठवड्यात तेवढंच कळायचं.

दंडावर पट्टा आवळला की शीर वर येते. काहींची येत नाही. मग बोटाने चाचपावं लागतं, डोळ्यांचा उपयोग नसतो. ती आता एका जाड बाईंच्या कोपरात बोट फिरवत होती आणि बाई नेहमीप्रमाणे सांगत होत्या की दुसऱ्या लॅबमध्ये चार वेळा टोचलं हो, काळंनिळं केलं, तुमच्याकडे आलं की जीव निर्धास्त असतो. ती हसून हो म्हणाली. या कौतुकाचं तिला कधी सुख झालं नाही. हलका हात म्हणजे काय ते तिला पुरतं ठाऊक होतं. ती घरात कपडे पिळायची ते असे की दोरीवरून रात्रभर ठिबकत राहायचे. दार लावायची तर कडी लागली की नाही हे नवरा उठून बघायचा. सामानाची यादी इतकी पुसट लिहायची की दुकानदार म्हणायचा, वहिनी, शाई महाग झाली का? फोनचं रिचार्ज कार्ड आणलं की त्यावरची रुपेरी पट्टी खरवडायचं काम नवऱ्याचं. 'तुला एवढंही जमत नाही?' असं तो थट्टेने म्हणायचा आणि ती म्हणायची, नाही जमत. खरंच जमत नव्हतं. लोक ज्याला हलका हात म्हणत होते तो भ्यालेला हात होता. तो कशावरही दाब द्यायचा नाही. रक्त काढायच्या कामाला ते फार उपयोगी पडतं, हा भाग वेगळा.

कारण त्या दिवशी तिने दाब दिला होता. आदल्या खेपेला पट्टीचा कोपरा तसाच राहिला होता आणि बाबा म्हणाले होते, "नीट खरवड, अर्धवट ठेवू नये." म्हणून तिने मनाशी ठरवलं, या वेळी एक कण ठेवायचा नाही. पहिला आकडा निघाला. दुसरा निघाला. दोन्ही सारखे. बाबा आणखी पुढे वाकले, आईच्या भांड्यांचा आवाज थांबला, आणि त्या शांततेत तिच्या अंगात कुठलं बळ शिरलं कोण जाणे, तिने नाण्याची कड उभी धरली आणि पट्टीच्या राहिलेल्या भागावर अशी घासली की पट्टी गेली, आकडा गेला, कागदाला भोक पडून खालची पाटी दिसली. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो तिने आपल्या नाण्याने खरवडून काढला होता. बाबांनी तिकीट उचललं. उजेडाकडे धरलं. मागून पुढून बघितलं. खिशात घातलं, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. एक थोबाडीत दिली असती तर हिशेब तिथल्या तिथे फिटला असता. ते बोललेच नाहीत. आणि पुढच्या पगाराला तिकीट आलं ते त्यांनी स्वतःच दाराशी उभं राहून खरवडलं. तिला हाक मारली नाही. त्यानंतर कधीच मारली नाही.

पुढे कारखाना बंद पडला. दोन खोल्यांचं घर सोडून ते एका खोलीत आले, तिथे नळ खाली आणि जिने उंच. आई लोकांच्या चादरींना इस्त्री करू लागली, दादाला शिकायचं होतं ते राहिलं आणि तो एका गोदामात लागला. या सगळ्याला मोठमोठी कारणं होती, ती तिला मोठेपणी समजलीसुद्धा. कारखाने काही एका पोरीच्या अंगठ्यामुळे बंद पडत नाहीत, एवढी अक्कल तिला होती. पण कारखाना बंद पडल्यावर खिशात मोठं बक्षीस असतं तर? तिथे येऊन घोडं अडायचं. इस्त्रीने भाजलेलं आईचं मनगट बघताना, दादाची गोदामातली पाठ बघताना, आणि पुढे आईला दवाखान्यात नेताना कोणता दवाखाना परवडेल याची बोलणी चालली तेव्हाही, तिला ते भोक आणि त्याखालची काळी पाटी दिसायची. दोन सारखे होते. तिसराही असणार. नसेलही. पण असणार. ती मूग गिळून बसली. लग्न झालं, मुलगा झाला, तो शिकायला लांब गेला. नवऱ्याला तिने आपल्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनपासून शाळेतल्या प्रेमापर्यंत सगळं सांगितलं, हे नाही. आई गेली तेव्हा उशाशी बसूनही नाही. बाबा आता दादाकडे असतात, कानाने कमी ऐकतात, दर आठवड्याला फोन होतो. औषध घेतलं का, जेवलात का, हवा कशी आहे. एवढ्या वर्षांच्या फोनांमध्ये विचारायला जागा नव्हती असं नाही. विचारायचं असतं तर 'हवा कशी आहे' च्या जागी विचारता आलं असतं.

सकाळची गर्दी ओसरली. नळ्या लावून झाल्या, जांभळ्या टोपणाच्या एका बाजूला, लाल टोपणाच्या दुसऱ्या. तिने टेबल पुसलं. पुसताना करड्या लगद्याचा एक ठिपका दिसला आणि तिचा हात थबकला. आपण त्या म्हाताऱ्याचं काय केलं? ती मनात दुकानाच्या दारात जाऊन आली, त्याच्या जागी दुसरं तिकीट घेऊन देऊन आली, दुसऱ्यात काही निघालं नाही, पहिल्यात असलं तर? त्याच्या घरी कोण आहे तिला माहीत नव्हतं. चपलेचा अंगठा शिवलेला असतो एवढं माहीत होतं. मुलगा बघत नसेल. भाड्याचं घर असेल. असं एकाला एक जोडत ती इतकी लांब गेली की म्हातारा तिला रस्त्यावर आलेला दिसायला लागला. रिसेप्शनवरच्या मुलीने चहा पुढे केला आणि म्हणाली, "ताई, तुम्ही त्या काकांचं एवढं काय मनाला लावून घेता? असल्या तिकिटांना कधी काही लागतं का? आमच्या मामाचं आयुष्य गेलं." ती म्हणाली, "एखाद्याला लागतं ना पण." मुलगी म्हणाली, "तो एखादा कधी कुणाच्या ओळखीचा नसतो." आणि फोन वाजला म्हणून गेली. चहा निवला. खुर्चीवर बसल्या बसल्या तिला असं वाटलं की आपण पुन्हा तेवढ्याच झालो आहोत, पाय जमिनीला टेकत नाहीत.

काका आले ते ढेकर देत. कुठे काय खाल्लं ते सांगत बसले, खुर्चीत रेलले, बाही वर केली. तिने दुसरा हात घेतला, पट्टा बांधला आणि सुई उचलण्याआधीच बोलून टाकलं, कारण सुई हातात असताना बोललं असतं तर हात हलला असता. "काका, तुमचं तिकीट माझ्यामुळे फुकट गेलं. मी काय ते भरून देते. म्हणजे, त्यात जर..."  काका तिच्याकडे बघत राहिले. "ते होय?" ते म्हणाले. "ते दाखवून आलो की येता येता. काही नव्हतं त्यात."

"पण आकडे पुसले गेले होते."

"आकड्यांचं काय घेऊन बसलात, ताई? ते आकडे आपल्या समाधानासाठी. दुकानदार त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. तिकिटाच्या खाली नंबर असतो बारीक, पट्टीच्या बाहेर. तो यंत्रात घातला की आत काय आहे ते त्याला कळतं. खरवडा, न खरवडा, कुत्र्याने चावा घेऊ दे, नंबर शाबूत असला की झालं."

"हे आता. यंत्रं आल्यावर." तिचा आवाज तिलाच वेगळा वाटला. "पूर्वी?"

"पूर्वी त्याच्याकडे छापील यादी यायची. बोट फिरवत बघायचा, वेळ लागायचा एवढंच. मी मिसरूड फुटल्यापासून घेतोय, मला काय सांगता! आमच्या पोराने एक तिकीट चघळलं होतं, ते वाळवून नेलं. त्यातही काही नव्हतं म्हणा." काका स्वतःच्याच विनोदावर खुश झाले. "टोचा ना. पट्ट्याने हात बधिर झाला."

तिने टोचलं. रक्त नळीत चढू लागलं आणि ती त्याच्याकडे बघत राहिली, रोज बघते तसंच. तेवढ्यात तिला विचारावंसं वाटलं म्हणून विचारलं, "काका, एवढ्या वर्षांत कधी काही लागलं का हो?" काका म्हणाले, "लागतं की! तिकिटाच्या किमतीएवढं लागतं. त्याचं दुसरं तिकीट घेतो. घरची म्हणते हिशेब मांडा एकदा. मी म्हटलं, मांडला तर बंद करावं लागेल, मग मी बाजारातून येताना कशाच्या नादात येऊ?" कापूस धरून ते उठले आणि दारातून म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्हीच खरवडायचं हं. तेवढं स्पिरिट नको." तिने मान हलवली की नाही तिला आठवत नाही. पट्टीच्या बाहेर, खाली, बारीक नंबर. म्हणजे त्या दिवशी बाबा चपला घालून गेले ते कुठे गेले होते? तिने आजवर त्यांना त्या दारातून बाहेर जाताना हजार वेळा पाहिलं होतं. ते पुढे कुठे पोचले याचा विचार एकदाही केला नव्हता. तिच्या मनात ते नुसते जात राहिले होते.

ती फोन घेऊन बाहेर आली. लॅबच्या दाराशी बाक आहे, जेवणानंतरच्या तपासणीची तीन-चार माणसं त्यावर पेंगत होती. समोर रस्त्याला वाहनांचा आवाज. आत जाऊन बोलावं तर रिसेप्शनवरची मुलगी. फोन दादाने उचलला, "आज कसा काय मध्येच?" म्हणाला आणि बाबांच्या हातात दिला.

"बाबा, ते तिकीट आठवतं का तुम्हाला?"

"काय? मोठ्याने बोल. क्रिकेट? बंद आहे टीव्ही."

"तिकीट! लॉटरीचं तिकीट! तुम्ही आणायचा ना, मी खरवडायची!"

बाकावरचे दोघे जागे झाले. "कुणाला लागली लॉटरी?" बाबांनी विचारलं, आणि त्यांच्या म्हाताऱ्या आवाजात एवढी उत्सुकता आली की तिला क्षणभर ते उकिडवे बसलेले दिसले.

"कुणाला नाही लागली! अहो, एक तिकीट फाटलं होतं माझ्या हातून. दोन आकडे सारखे होते आणि तिसरा मी खरवडून टाकला. भोक पडलं होतं. तुम्ही खिशात घालून निघून गेलात!"

 बाबा आठवत असतात तेव्हा त्यांचा श्वास ऐकू येतो. ती भिंतीला टेकली. आता जे येईल ते येईल, तोंडातून निघालेलं काही परत घेता येत नाही. एक टेम्पो गेला, त्याचा धूर अंगावर आला, तिने तोंड फिरवलं नाही.

"हां हां," बाबा म्हणाले. "भोकवालं. ते नेलं होतं की मी दुकानात. यादीत बघितलं त्याने. काही नव्हतं त्यात."

"नक्की?"

"आता नक्की म्हणजे काय? असतं तर आज मी तुझ्या दादाच्या बाल्कनीत बसलो असतो का?"

 ती बाकाच्या कडेला बसली, पेंगणारा माणूस सरकला. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते तिने आजवर रिपोर्ट नॉर्मल निघालेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. स्वतःचा पडताना किती हलकं आणि किती मूर्खासारखं वाटतं ते तिला आता कळलं. काही नव्हतं. आईचं मनगट, दादाची पाठ, ते जिने, यातलं काहीच त्या भोकातून गळालेलं नव्हतं. ते जसं व्हायचं तसं झालं होतं, तिच्या अंगठ्याला न विचारता. आणि हायसं वाटता वाटता मध्येच तिला रागही आला, चांगलाच आला.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"अगं, काही नव्हतंच तर सांगायचं काय?"

 ती फोन कानाला धरून हसायला लागली, आणि हसता हसता डोळे भरून आले ते तिने मनगटाने पुसले. "मग नंतर मला खरवडायला का दिलं नाहीत? एकदाही हाक मारली नाहीत!"

"तुझी आई ओरडली ना! तू ते बोट तोंडात घालायचीस. म्हणाली, पोरीच्या पोटात ती चांदी जातेय, उद्या काही झालं तर तुमची लॉटरी येणार आहे का दवाखान्यात? त्या दिवशी तर तुझं सगळं तोंड करडं झालं होतं. मी घरी आलो तर ही तुला नळाखाली धरून बसलेली." तिला नळ आठवत नव्हता. तोंड धुतल्याचं तर मुळीच आठवत नव्हतं. तिच्या आठवणीत त्या दिवशी आई भांडी घासायची थांबली होती आणि तशीच थांबून राहिली होती. बाबा पुढे म्हणाले, "तू का विचारतेस हे? तू नाही ना खेळायला लागलीस?"

"नाही हो!"

"नको खेळू. काही लागत नाही त्यात. मला एकदा लागलं होतं, एक तिकीट फुकट. ते खरवडलं, त्यात काही नव्हतं."

आता सांगून टाकायला हवं होतं. आणि जोरात बोलणं भाग होतं. असलं काही हळू आवाजात सांगायचं असतं, रात्री दिवा मालवल्यावर, जवळच्या माणसाला. तिच्या नशिबी रस्ता आला. "बाबा, मला वाटत होतं ते मोठं बक्षीस होतं! आणि माझ्यामुळे गेलं! आपलं घर माझ्यामुळे सुटलं असं वाटायचं मला!" बाकावरच्या एका बाईंनी पदराने तोंड पुसायचं थांबवून तिच्याकडे पाहिलं. रिसेप्शनवरची मुलगी काचेतून बघत होती. बघू दे. एवढ्या मोठ्याने ती जन्मात बोलली नव्हती, आणि घशाला ते बरं वाटत होतं.

"घर?" बाबांना कळेना. "घर कारखाना बंद पडला म्हणून सोडलं. भाडं कोण भरणार होतं?"

"ते कळतं मला!"

"कळतं तर मग?"  श्वास ऐकू आला. मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "केव्हापासून वाटतंय असं तुला?"

"तेव्हापासून."

हे मात्र त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू गेलं असावं. पलीकडे दादा काहीतरी विचारत होता, बाबांनी त्याला 'थांब जरा' म्हटलं. "अगं वेडाबाई," ते म्हणाले, "मग एकदा विचारायचंस तरी मला. मी काय खाणार होतो तुला?"

ती रस्त्याकडे बघत होती. उत्तर तिला ठाऊक होतं, पण ते आजच ठाऊक झालं होतं, आणि ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं. "विचारलं असतं," ती पुटपुटली, "आणि तुम्ही हो म्हणाला असतात तर?"

"काय म्हणालीस? मोठ्याने बोल ना."

"काही नाही!" ती जीव खाऊन ओरडली, आणि बाकावरची माणसं हसली तशी तीही हसली. "काही नाही म्हटलं, बाबा! काही नव्हतं!"